लाल दिवा म्हणजे लाइन आली

डॉक्टरांनी पॅडवर घशाचं चित्र काढलं, त्यावर पेनाने आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "इथून इथपर्यंत काढावं लागेल. आबा राहतील. आवाज जाईल."

"किती जाईल?" हितेंद्रने विचारलं.

"किती म्हणजे? सगळा."

हितेंद्र जळगावात ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात होता. तिथे काहीही सगळं जात नाही, टक्क्यांत जातं. त्यामुळे तो चित्राकडे बघतच राहिला. त्याचे वडील, मोतीलाल आबा, मात्र खुर्चीत शांत बसले होते. बहात्तरातली पन्नास वर्षं विडी ओढलेल्या माणसाला वाटायला हवं तेवढंच आश्चर्य त्यांना वाटलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सोमवारी ठरवलं. तो दिवस मंगळवार होता.

पिंप्राळ्याला परत येताना रिक्षात आबांनी घोगऱ्या आवाजात एकच शंका काढली. "सोमवारले मना उपास ऱ्हास. चाली का?"

"ऑपरेशनला उपाशीच लागतं, आबा."

"मंग बरं शे," आबा म्हणाले, आणि घर येईपर्यंत पुन्हा बोलले नाहीत. सहाच दिवस बोलता येणार होतं, तर माणसाने जरा सढळ हाताने बोलावं की नाही? पण आबा सोनगीरचे. चाळीस वर्षं कापसाच्या शेतात एकटे वावरलेले. बोलणं आणि विहिरीचं पाणी जपून वापरायची त्यांना सवय होती.

आवाज रेकॉर्ड करून ठेवायचं डोक्यात आलं ते सुनेच्या, मोहिनीच्या. तिचे वडील जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज म्हणून तिच्या मोबाईलमध्ये अकरा सेकंदांचा एक निरोप होता. "हॅलो, हॅलो, मोहू, आवाज येत नाहीये, हॅलो." एवढाच. तो ती महिन्यातून एकदा स्वयंपाकघरात ऐकायची आणि नंतर कांदा चिरायला घ्यायची. "माझ्या बापाचं झालं ते आबांचं नको," ती म्हणाली. "नीट बोललेलं पाहिजे. स्वच्छ."

तिचा मावसभाऊ कुंदन लग्नांचं शूटिंग करायचा. बुधवारी सकाळी तो हेल्मेट न काढताच घरात आला आणि एक काळी डबी उघडून त्याने आबांसमोर धरली. आत काडेपेटीहून लहान दोन वस्तू होत्या.

"आबा, हा ट्रान्समीटर. वायर नाही, काही नाही. कॉलरला चिमट्यानं लावायचा. हा दुसरा तुकडा, रिसीव्हर, तो मोबाईलला खोचायचा. तुम्ही गच्चीत बोला, आवाज इथं फ्रिजवर येणार."

ट्रान्समीटरच्या तोंडावर वारा अडवायची केसाळ टोपी होती. आबांनी ती बोटाने दाबून पाहिली. "हाऊ उंदीर काबर लाया?"

"उंदीर नाही आबा, त्यानं आवाज क्लीन येतो. दाजी, तुम्ही बोलून बघा."

हितेंद्रने हॅलो हॅलो केलं, कुंदनने इयरफोनमध्ये ऐकलं आणि अंगठा वर केला. "डबीतून काढला की आपोआप चालू. दिवा हिरवा दिसला म्हणजे ओके. रोज सकाळी या मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून द्या, संध्याकाळी बंद करा आणि ट्रान्समीटर डबीत टाका, चार्ज होईल. काप-जोड मी नंतर करतो. माझी चोपड्याला हळद आहे, निघतो." एवढं सांगून तो गेला. लाल दिव्याचं काय, हे सांगायला तो विसरला, कारण त्याच्या धंद्यात ते लहान पोरालाही माहीत असतं.

मोहिनीने कॅलेंडरच्या पाठीमागे यादी केली. डिंपलच्या लग्नासाठी आशीर्वाद. (ही हितेंद्रची मुलगी. नाशिकला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवून द्यायची.) पुढे पतवंड झालं तर त्याला हाक, नाव माहीत नसल्याने नुसतं 'ए बाळा'. गणपतीची आरती. हितेंद्रला शेताच्या बांधावरून मारायचे ती हाक. आणि सगळ्यात शेवटी, पेन्सिलीने, खोडता येईल असं: कोकिळाताई.

कोकिळा म्हणजे हितेंद्रची थोरली बहीण. धुळ्याला दिलेली. नऊ वर्षांपूर्वी आबांनी सोनगीरची जमीन हितेंद्रच्या नावावर करायला काढली तेव्हा तिला निरोप धाडला होता, की गुरुवारी येऊन हक्कसोडपत्रावर सही करून जा. सगळ्या घरांतल्या बहिणी येतात, सही करतात, साडी घेतात आणि जातात. कोकिळाने उलट निरोप दिला, "जमीन नको मला. पण सही पाहिजे तर आबांनी मला विचारावं. हुकूम नाही सोडायचा."

"आंडेरले इचारानं?" आबा म्हणाले होते. मुलीला विचारायचं? ते त्यांचं कोकिळाविषयीचं शेवटचं वाक्य. सही राहिली, बोलणं तुटलं. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा कोकिळा दुखवट्याला दारावर बसायला आली, तर आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून तिने ठरवलं होतं, की आता आबांच्या तोंडून माझं नाव निघेल तेव्हाच मी त्या घरात पाय ठेवेन. आणि ते तोंड सोमवारी कायमचं मिटणार होतं.

आता मोहिनीचा एक नियम होता आणि सगळा घोटाळा त्याच्या आधाराने वाढला. "रेकॉर्ड केलेलं कुणी ऐकायचं नाही," तिने बजावलं. "गेलेला आवाज ऐकावा. माणूस समोर बसलेला असताना त्याचा साठवलेला आवाज ऐकणं म्हणजे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं. आवाज गेल्यावर ऐकू." हितेंद्रला हे पटलं, कारण त्याला तसंही ऐकायचा धीर नव्हता. मोबाईल रोज फ्रिजवर, रुमालाखाली, पालथा पडून राही.

बुधवारी दुपारी आबा पहिल्यांदा बोलायला बसले. हितेंद्रने ट्रान्समीटर डबीतून काढून त्यांच्या बंडीला लावला. हिरवा दिवा लागला. आबांनी त्याच्याकडे बघितलं, बाजूचं बटण शोधलं आणि दाबलं. दिवा लाल झाला.

"आबा, बटण कशाला दाबलं?"

"बटन दाबाशिवाय काही चालस का?"

"पण दिवा लाल झाला."

आबांनी मुलाकडे अशा नजरेने पाहिलं, की तो तिसरीत गेला. "लाल म्हणजे लाइन ऊनी. चाळीस वरीस मोटर चालाडी मी. तू माले दिवा शिकाडी ऱ्हायना का?"

खरंच होतं. विहिरीवरच्या पेटीत लाल दिवा दिसला तर वीज आली. नाही दिसला तर बटण दाबून हात दुखवायचा. त्या लाल दिव्याची वाट बघत बापलेकांनी किती हिवाळे शेकोटीजवळ काढले होते. हितेंद्र मान डोलावून म्हणाला, "हो, लाल म्हणजे आली." आणि आदराने खोलीबाहेर गेला.

आबा दहा मिनिटं डिंपलला आशीर्वाद देत होते. घसा दुखत होता, पण त्यांनी नेट लावला. बोलून झाल्यावर त्यांनी पुन्हा बटण दाबलं. हेही त्यांनी हितेंद्रला शिकवून ठेवलं होतं: पाणी संपलं की मोटर बंद करायची, कोरडी चालली तर जळते. दिवा हिरवा झाला, आणि मोहिनीने आणलेल्या खिचडीकडे बघून आबा म्हणाले, "हाई खिचडी शे का चुना?"

मग हेच रोज चाललं. बोलायला बसले की बटण, बोलून उठले की बटण. गुरुवारी पतवंडाला 'ए बाळा' आणि आरती झाली. शुक्रवारी हितेंद्रला मारायची हाक झाली; ती इतकी मोठी निघाली, की शेजारचा स्कूटरवाला थांबला आणि आबा नंतर तासभर खोकत होते. "पुन्हा नाही मारायची," मोहिनी डोळे पुसत म्हणाली. "एकदा आली ना मशीनमध्ये, बस झालं."

शनिवारी सोनगीरहून एसटीने जीवराम नाना आले. यांचं शेत आबांच्या शेताला लागून. बांधावर एक कडुलिंब होता आणि तो कुणाचा, यावर दोघांचं तीस वर्षं भांडण होतं. नाना आल्या आल्या आबांच्या पायाशी बसले. "मोतीभाऊ, तुमी आते बोलनार नही. मशीनमा सांगी द्या, लिंब जीवरामना शे. मन्ह मन शांत व्हई."

घरच्यांना वाटलं आता पाणी पेटणार. पण आबांनी ट्रान्समीटर हातात घेतला, बटण दाबलं आणि स्पष्ट सांगितलं, "लिंब जीवरामना शे." मग पुन्हा बटण दाबलं. नाना आबांच्या गळ्यात पडून रडले, चहा प्यायले आणि पावणेपाचच्या गाडीला गेले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत आबा बघत होते. मग आपल्याशीच म्हणाले, "लिंब तेना नहीच. पन रडी ऱ्हायना व्हता बिचारा."

यादीत पेन्सिलीने लिहिलेलं तेवढं राहिलं. तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती. रविवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, आबा स्वतःच म्हणाले, "बठ्ठा बाहेर जा."

"काय पाहिजे, आबा?"

"कोकीसंगे बोलानं शे."

नऊ वर्षांनी ते नाव त्या घरात निघालं. मोहिनीच्या हातातलं तांब्या-भांडं वाजलं. दोघं नवरा-बायको पायऱ्यांवर जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. आतून शब्द कळत नव्हते, नुसता घोगरा आवाज वरखाली होत होता. वीस मिनिटं. मध्ये एकदा तो आवाज अगदी थांबला, इतका वेळ, की हितेंद्र उठून उभा राहिला. मग पुन्हा सुरू झाला. मोहिनीने तिथूनच कोकिळाला फोन लावला. "ताई, आबा तुमच्याशी बोलतायत. मशीनमध्ये. तुमचं नाव घेतलं हो!"

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग कोकिळा म्हणाली, "आधी ते ऐकेन. मग त्यांच्यासमोर जाईन."

सोमवारी ऑपरेशन झालं. पाच तास लागले. आबा राहिले.

गुरुवारी कोकिळा धुळ्याहून आली, सहा वर्षांनी भावाच्या दारात. आबांच्या कबुलीजबाबाच्या आशेने जीवराम नानाही आले होते. कुंदन लॅपटॉप घेऊन बसला. मोहिनीने देवाजवळ दिवा लावला आणि सांगितलं, "आता चालेल. लाव."

कुंदनने बुधवारची फाइल लावली. डिंपलच्या आशीर्वादाच्या जागी दहा मिनिटं शांतता होती. अगदी क्लीन. मग एकदम आबांचा आवाज खणखणीत आला, "हाई खिचडी शे का चुना?"

कुंदनने पुढे सरकवलं. गुरुवारच्या आरतीत शांतता, नंतर चाळीस मिनिटं घोरणं. शुक्रवारच्या हाकेत शांतता, नंतर खोकला, आणि मोहिनीचाच आवाज, "एकदा आली ना मशीनमध्ये, बस झालं." शनिवारी पुन्हा शांतता आणि मग, "लिंब तेना नहीच. पन रडी ऱ्हायना व्हता बिचारा."

"हाई काय शे?" जीवराम नाना उठले. "मी एसटीनं दोनदा ऊनू! मना तोंडवर एक, मना मांगे एक?" कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते पुन्हा खाली बसले.

"दाजी," कुंदनने हळूच विचारलं, "बटण कुणी दाबलं होतं का? दिवा लाल होता?"

"लाल होता. लाल म्हणजे..." हितेंद्र सांगायला लागला.

"लाल म्हणजे म्यूट, दाजी. लाल म्हणजे बंद."

"मी बघितला होता," हितेंद्र म्हणाला. "मीच हो म्हटलं त्यांना." पन्नाशीला आलेला माणूस, पण तो सोफ्यावर बसून हमसून हमसून रडायला लागला.

"रविवारचं लाव," कोकिळा म्हणाली.

वीस मिनिटं सगळ्यांनी ती शांतता ऐकली. मध्येच थांबवायचं कुणालाही सुचलं नाही. मग खट्ट वाजलं, एक लांब श्वास आला, पाणी प्यायल्याचा आवाज आला, आणि आबा म्हणाले, "व्हयनं. आते समजी जाई तिले." फाइल संपली.

कोकिळाने पदर खोचला. "चला दवाखान्यात."

"ताई, आबांना सांगू नका," मोहिनी मागे धावत म्हणाली. "टाके कच्चे आहेत. सगळं रेकॉर्ड झालंय या समाधानावर तर ते आहेत."

कुंदनही निघाला, त्याला त्याचा ट्रान्समीटर हवा होता. चार दिवस ती डबी सापडत नव्हती आणि शुक्रवारी त्याच्याकडे साखरपुडा होता. दवाखान्यात कुठे पडली असेल तर रिसीव्हरचा दिवा सांगेल म्हणून त्याने रिसीव्हर मोबाईलला खोचून खिशात ठेवला, आणि धंद्याच्या सवयीने रेकॉर्डिंगही लावून ठेवलं.

आबांच्या गळ्याला पट्टी होती, नाकात नळी होती. हाक मारता येत नाही म्हणून नर्सने त्यांना स्टीलचा चमचा दिला होता. खाटेच्या दांडीवर एक टोला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. कोकिळाला दारात बघून त्यांचा चमच्याचा हात तसाच राहिला. ती पुढे आली आणि स्टुलावर बसली. आबांनी भुवया उंचावल्या: ऐकलंस?

"मी मशीनमा नही ऐकं," कोकिळा म्हणाली, आणि यात खोटं काही नव्हतं. "तूच सांग माले."

आबांनी गळ्याकडे बोट दाखवलं.

"मंग मी इचारस. तू वाजाड. माले शिव्या दिध्यात?"

एक टोला. जोरात.

"किती?"

आबांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली.

"दहा मिनिटं शिव्या! आनि बाकीना दहा? जमीननं बोलना?"

दोन टोले.

"मायनं बोलना?"

आबांनी खिडकीकडे पाहिलं. मग एक टोला पडला, अगदी हलका.

"मी दारवर ऊनी व्हती. तू तोंड फिराई लिधं. तेनं बोलना?"

चमचा थरथरला आणि दांडीला टेकला. तो टोला धरायचा का, हे हितेंद्रला कळलं नाही. कोकिळाने धरला.

"आनि सहीनं? माले इचारं का तू?"

आबांनी चमचा खाली ठेवला. एक नाही, दोन नाही. त्यांनी उशीखाली हात घातला आणि काळी डबी काढली. कुंदन दारातून "अरे!" म्हणाला. आबांनी ट्रान्समीटर बाहेर काढला, कोकिळाच्या पदराला चिमटा लावला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग त्यांनी तळहात तिच्यासमोर उघडा धरला. तू बोल.

कुंदनने तोंड उघडलं. मोहिनीने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की ते तसंच मिटलं.

कोकिळाने पदरावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. "लाइन ऊनी का, आबा?"

एक टोला.

मग ती बोलली. नऊ वर्षांचं होतं, पाऊण तास लागला. जीव तोडून बोलली, रडली, हातवारे केले, एकदा तर उठून उभी राहिली. आबांनी मान फिरवली नाही. शेजारच्या खाटेवरचा पेशंट मोसंबी सोलायची थांबवून ऐकत होता. तिचं संपल्यावर आबांनी हात लांब करून बटण दाबलं, मोटर कोरडी चालू नये म्हणून. दिवा हिरवा झाला.

म्हणून जे रेकॉर्ड झालं ते त्याच्या नंतरचं. आधी कोकिळाचं नाक पुसणं आहे. मग ती म्हणते, "सकाय परत येवू का मी?" आणि एक टोला. थोडी शांतता. तिने ऐकला की नाही अशी आबांना शंका आली असावी, कारण दुसरा टोला पडतो. दुसरा पडल्यावर त्याचा अर्थ नाही असा झाला, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग चमचा थांबतच नाही. दांडीवर धाडधाड टोले. त्यात कोकिळा हसते की रडते ते ओळखता येत नाही. शेवटी नर्सची धावती चप्पल आणि तिचं ओरडणं, "आबा! वॉर्ड आहे हा, काय लावलंय!"

कुंदनने सगळ्या फायलींमधून तेवढीच कापून कोकिळाला पाठवली. एकोणीस सेकंदांची आहे. नर्स ओरडते तेवढं शेवटचं काढून टाकू का, असं त्याने विचारलं होतं. कोकिळा नको म्हणाली.